विरळ जंतूची साक्ष

एखाद्या लहान मुलाची नडगी सुजते, ताप चढतो, मूल पायाला हात लावू देत नाही. रुग्णालयात हाडालगतचा पू काढून प्रयोगशाळेत पाठवला जातो आणि दोन-तीन दिवसांनी संवर्धनाचा, म्हणजे कल्चरचा, अहवाल येतो. बहुतेक वेळा त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे नाव असते. हा जीवाणू आपल्या नाकात आणि कातडीवर मुक्कामालाच असतो. संधी मिळाली की तो रक्तावाटे हाडात शिरतो. त्यात डॉक्टरांना नवल वाटण्यासारखे काही नसते.

पण कधीतरी अहवालात साल्मोनेला हे नाव येते. साल्मोनेला हे आतड्यातले जीवाणू. त्यांच्या एका जातीमुळे विषमज्वर होतो, दुसऱ्या काही जातींमुळे अन्नातून विषबाधा आणि हगवण होते. हाड हे त्यांचे नेहमीचे ठिकाण नव्हे. हा जंतू हाडात सापडला, तर जाणता डॉक्टर जंतूवर औषध सुरू करतो आणि लगेच मुलाचे रक्त वेगळ्या तपासणीसाठी पाठवतो. त्याला शंका असते ती सिकलसेलची.

विरळ जंतू असा रुग्णाविषयीच साक्ष देत असतो. नेहमीच्या माणसाला न होणारा संसर्ग या माणसाला का झाला, या प्रश्नाचा माग काढताना वैद्यकाला गेल्या शंभर वर्षांत बरेच काही उमगले. हा माग आपल्या महाराष्ट्रात सर्वांत महत्त्वाचा ज्या भागांत आहे, त्यांत नंदुरबार जिल्हा येतो. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. म्हणून हा इतिहास आपण नंदुरबारकडे नजर ठेवूनच पाहू.

कोयत्याच्या आकाराच्या पेशी

१९०४ च्या डिसेंबरात शिकागोतील प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दाखल झाला. तो वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडा बेटावरचा, दंतवैद्यकाचा विद्यार्थी. त्याला खोकला होता, ताप होता, रक्तक्षय होता, पायावर जखमांचे जुने व्रण होते. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एरवी गोल दिसणाऱ्या तांबड्या पेशींपैकी काही लांबट, टोकदार, कोयत्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या होत्या. आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे या पेशींवरूनच रोगाचे नाव पडले. सिकल म्हणजे विळा; म्हणून मराठीत त्यांना दात्रपेशी असेही म्हणतात.

नोएल शिक्षण पुरे करून ग्रेनेडाला परतला, तेथे त्याने दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. त्या काळी न्यूमोनियाने मरणारे पुष्कळ होते. त्यामुळे या मृत्यूत कोणाला वेगळे काही दिसले नाही. आज आपण तो तपशील वाचतो तेव्हा मात्र थबकतो. त्याचे कारण पुढे येईल.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रोग्यांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. रेणूतील बिघाडामुळे होणारा रोग, अशी कल्पना तेव्हा प्रथम स्पष्टपणे मांडली गेली. काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी तो बिघाड नेमका शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते, एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्यांसारखे होते, पेशी ताठ आणि वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडे दुखतात, अवयव झिजतात, पेशी लवकर फुटल्याने रक्त कमी होते.

हे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक असते. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. शिवाय अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले की वाहकाला फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जंगलपट्टीतल्या, हिवतापाच्या प्रदेशांतल्या समाजांत हे जनुक टिकून का राहिले याचे उत्तर त्यात आहे.

भारतात हे जनुक आहे हे १९५२ मध्ये कळले. हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांना ते निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळले. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे पुण्याचे डॉ. एस. एल. काटे आणि त्यांचे सहकारी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत तपासण्या करीत राहिले. काटे आणि लिंगोजवार यांचा २००२ मधला आढावा यासाठी नेहमी उद्धृत होतो. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ इतके आढळले आहे. ज्या जिल्ह्यांत सिकलसेलचे ५,००० हून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज निघाला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर यांच्या जोडीला नंदुरबारही होता.

शेकडा २० वाहक म्हणजे काय, हे वर्गात फळ्यावर सहज काढता येते. नवरा वाहक असण्याची शक्यता पाचात एक, बायको वाहक असण्याची पाचात एक. दोघेही वाहक असण्याची पंचविसात एक. अशा जोडप्याचे मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. गुणाकार केला की उत्तर येते शंभरात एक. दरवर्षी शंभर मुले जन्मणाऱ्या गावपट्टीत दरवर्षी सरासरी एक मूल हा रोग घेऊन येणार. जगाच्या नकाशावर विरळ असलेला रोग धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात विरळ राहत नाही.

हाडातला आतड्याचा जंतू

जंतूंची पहिली खूण १९२५ मधली आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या पत्रिकेत कॅरिंग्टन आणि डेव्हिसन यांनी एका सिकलसेलग्रस्त मुलाची हकीकत छापली. त्याच्या एकाहून अधिक हाडांत पॅराटायफॉइडचा जंतू, म्हणजे साल्मोनेलाच, वाढत होता. एक हकीकत म्हणजे योगायोगही असू शकतो. पण पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत अशा हकीकती एकामागून एक येत गेल्या आणि १९५० नंतर डॉक्टरांच्या लक्षात आले की हा योगायोग नाही. हाडात साल्मोनेला सापडलेल्या मुलांत सिकलसेलची मुले त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा कितीतरी अधिक होती.

असे का व्हावे? आज आपल्याला माहीत असलेली कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. अडकलेल्या पेशींमुळे आतड्याच्या अस्तराला जागोजागी रक्त कमी पडते आणि तेथून जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. हाडातही अशाच अडथळ्यांमुळे लहान लहान मृत भाग तयार होतात. रक्तपुरवठा नसलेल्या अशा जागी जंतू सुखाने वाढतात. तिसरे कारण जंतू खाणाऱ्या भक्षक पेशींचे. सतत फुटणाऱ्या तांबड्या पेशींचा कचरा उचलण्यातच त्या गुंतलेल्या असतात. साल्मोनेला तर भक्षक पेशीच्या पोटात शिरूनही जिवंत राहण्यात पटाईत.

येथे डॉक्टरांपुढे एक कठीण कोडे उभे राहते. सिकलसेलच्या मुलाचे हाड दुखते, सुजते, ताप येतो तेव्हा ते बहुधा रक्त अडल्यामुळेच असते. जंतुसंसर्ग त्या मानाने क्वचित. पण लक्षणे जवळजवळ सारखी. क्ष-किरण चित्रातही सुरुवातीच्या दिवसांत फरक कळत नाही. पहिल्या प्रकारात वेदनाशामक, पाणी आणि विश्रांती पुरते. दुसऱ्यात चार ते सहा आठवडे प्रतिजैविक आणि वेळप्रसंगी शस्त्रक्रिया लागते. निवाडा करते ते संवर्धन : रक्तात किंवा पुवात जंतू वाढतो का, आणि कोणता.

पानथरीचे काम

साल्मोनेलामुळे सिकलसेलची मुले अपंग होत. ती झपाट्याने दगावत होती ती मात्र दुसऱ्याच जंतूमुळे, न्यूमोकॉकसमुळे. हा जंतू लहान मुलांच्या घशात सर्रास असतो आणि बहुतेकांना त्रास देत नाही. सिकलसेलच्या मुलात मात्र तो रक्तात शिरून इतक्या वेगाने वाढे की सकाळी ताप आलेले मूल संध्याकाळपर्यंत हाती लागत नसे. याचे उत्तर सापडले प्लीहेत. गावाकडे तिला पानथरी म्हणतात. हिवतापात वाढणारी म्हणून ती आपल्या परिचयाची आहे.

प्लीहा ही रक्ताची चाळणी आहे. तिच्यातल्या अरुंद फटींतून रक्त सावकाश झिरपते आणि वाटेत भक्षक पेशी जुन्या पेशी आणि जंतू टिपून घेतात. न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा ब यांच्याभोवती शर्करेचे गुळगुळीत कवच असते. त्यामुळे इतरत्र भक्षक पेशींना ते सहज धरता येत नाहीत. रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार असली तर काम सोपे होते. एक-दोन वर्षांच्या मुलात ती नसतात आणि सगळा भार प्लीहेवर पडतो.

ही गोष्ट कळण्यापूर्वी शल्यविशारद प्लीहेला बिनकामाचा अवयव समजत असत. काही रक्तरोगांत ती काढूनही टाकत. १९५२ मध्ये अमेरिकेत हॅरोल्ड किंग आणि हॅरिस शुमॅकर यांनी अशा अर्भकांची माहिती छापली. अगदी लहानपणी प्लीहा काढलेल्या या बाळांना नंतर रक्ताचे आणि मेंदूच्या आवरणाचे भयंकर जंतुसंसर्ग झाले होते. प्लीहा नसलेले बाळ या कवचधारी जंतूंपुढे उघडे पडते, हे त्यातून दिसले.

पण सिकलसेलच्या मुलांची प्लीहा तर कोणी काढली नव्हती. उलट लहानपणी ती पोटात हाताला लागण्याइतकी मोठी असते. मग? हे कोडे १९६९ मध्ये हॉवर्ड पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवले. त्यांनी मुलांना शिरेतून किरणोत्सारी खूण लावलेल्या सूक्ष्म कणांचे इंजेक्शन दिले आणि हे कण कोठे साठतात ते यंत्राने पाहिले. निरोगी प्लीहा असे कण गोळा करते आणि चित्रात ठळक दिसते. या मुलांच्या चित्रात प्लीहेची जागा रिकामी होती. हाताला लागणारी, आकाराने मोठी असलेली प्लीहा काम मात्र काहीच करीत नव्हती. वाकड्या पेशींनी तिच्या वाटा बंद केल्या होत्या. पुढे वर्षानुवर्षे अशीच कोंडी होऊन ती सुकून लहानशी गाठ उरते.

आता नोएलच्या मृत्यूकडे पुन्हा पाहावेसे वाटते. १९१६ मधल्या त्या न्यूमोनियामागचा जंतू कोणीही संवर्धनात पाहिलेला नाही, म्हणून छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. पण ज्या माणसाच्या रक्तावरून हा रोग जगाला कळला, त्याचा अंत फुप्फुसांच्या रोगाने झाला, यात आज काही अनपेक्षित वाटत नाही. १९७१ मध्ये एलिझाबेथ बॅरेट-कॉनर यांनी १६६ रुग्णांतील २५० जंतुसंसर्गांचा हिशेब मांडला, तेव्हा या रोगात जंतूंचा वाटा किती मोठा आहे ते आकड्यांत दिसले.

दिवसातून दोन वेळा पेनिसिलिन

कारण कळले, पण उपाय काय? प्लीहा दुरुस्त करता येत नव्हती. एक साधा विचार पुढे आला : जंतू रक्तात शिरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा, तो शिरण्याआधीच रोज थोडे पेनिसिलिन देऊन ठेवले तर? न्यूमोकॉकस पेनिसिलिनने मरतो. औषध जुने आणि स्वस्त. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले होते. आक्षेपही रास्त होते. निरोगी दिसणाऱ्या बाळाला वर्षानुवर्षे औषध द्यायचे का? आया ते नेमाने देतील का? जंतू औषधाला दाद देईनासे होतील का?

याचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेत डॉ. मरिलिन गॅस्टन यांच्या पुढाकाराने एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिने ते तीन वर्षे वयाची सिकलसेलची २१५ मुले त्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. १०५ मुलांना दिवसातून दोन वेळा १२५ मिलिग्रॅम पेनिसिलिन तोंडाने दिले. ११० मुलांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते हे ना पालकांना माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना.

सरासरी सव्वा वर्षाने हिशेब पाहिला. औषध नसलेल्या गटात १३ मुलांना रक्तात जंतू शिरण्याचा गंभीर संसर्ग झाला होता, पेनिसिलिनच्या गटात दोघांना. औषध नसलेल्या गटातली तीन मुले दगावली. दुसऱ्या गटातले एकही नाही. ठरलेल्या मुदतीच्या आठ महिने आधीच चाचणी थांबवण्यात आली, कारण उत्तर मिळाल्यावर उरलेल्या मुलांना औषधाविना ठेवणे अन्याय्य ठरले असते.

विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. ११० मध्ये १३ म्हणजे शेकडा ११.८, १०५ मध्ये २ म्हणजे शेकडा १.९. धोका शेकडा ८४ ने कमी झाला. गणित झाल्यावर एक प्रश्न विचारावा : औषध नसलेल्या गोळीच्या गटातही ९७ मुलांना काहीच झाले नाही. मग एखाद्या एकट्या डॉक्टरला केवळ स्वतःच्या अनुभवावरून हा फरक कधी दिसला असता का? मोजणी आणि तुलना यांचे मोल मुलांना येथे पटते.

या चाचणीतून आणखी एक गोष्ट निघाली. औषध तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून द्यायचे, तर रोग आहे हे त्याआधी कळले पाहिजे. पण तेव्हा बाळात लक्षणे नसतात. म्हणजे जन्मतःच रक्त तपासावे लागणार. १९८७ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने सर्व नवजात बालकांच्या तपासणीची शिफारस केली. पुढे १९९५ मध्ये ४०० मुलांवरील दुसऱ्या चाचणीने दाखवले की नियमित देखरेख आणि लसीकरण असेल तर पाच वर्षांनंतर बहुतेकांचे पेनिसिलिन थांबवता येते.

येथे हा जंतू खरेच विरळ आहे का?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतली आणि जमैकातली मुले आफ्रिकी वंशाची. भारतातील सिकलसेलचे जनुक ज्या गुणसूत्री पार्श्वभूमीवर बसले आहे ती वेगळी आहे. तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते. ते वाकड्या पेशी होण्याला अडथळा करते. त्यामुळे ओडिशातील रुग्णांच्या १९८६ मधल्या अभ्यासापासून असे दिसत आले की भारतीय रुग्णांची प्लीहा अधिक वर्षे टिकते आणि रोग अनेकदा सौम्य असतो. भारतीय रुग्णालयांतून न्यूमोकॉकसच्या नोंदीही थोड्या येतात. यावरून काहींनी निष्कर्ष काढला, की आपल्याकडे या जंतूची फारशी काळजी नको.

हा निष्कर्ष काढण्यापूर्वी आफ्रिकेतला एक धडा पाहण्यासारखा आहे. तेथेही काही वर्षांपूर्वी हाच वाद होता. युगांडासारख्या देशांतील रुग्णालयांच्या अहवालांत न्यूमोकॉकस ठळकपणे दिसत नव्हता. तेव्हा आफ्रिकेतल्या मुलांना पेनिसिलिनची गरजच नाही, असे मत मांडले गेले. मग केनियातील किलिफी येथे टॉम विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी वेगळी रीत वापरली. १९९८ ते २००८ या काळात जिल्हा रुग्णालयात दाखल झालेल्या ३८,००० हून अधिक मुलांचे रक्तसंवर्धन पद्धतशीर तपासले गेले. सिकलसेलच्या मुलांतील १०८ रक्तसंसर्गांत ४४ न्यूमोकॉकसचे होते, १९ विषमज्वराव्यतिरिक्तच्या साल्मोनेलाचे आणि १३ हिमोफिलस इन्फ्लुएंझा ब चे. अमेरिकेतली जुनीच यादी जवळजवळ त्याच क्रमाने आफ्रिकेत निघाली. जंतू आधीपासून होता. तो शोधला गेला नव्हता.

जंतू न दिसण्याची कारणे आपल्याही ओळखीची आहेत. रक्तसंवर्धन प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा, अखंड वीज आणि प्रशिक्षित हात लागतात. न्यूमोकॉकस नाजूक, नमुना वेळेत योग्य तापमानात पोचला नाही तर बाटलीतच मरतो. वाटेत कोणी प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल तर संवर्धन कोरे येते. आणि झपाट्याने मारणाऱ्या जंतूची मुले रुग्णालयात पोचतच नाहीत. ज्यांची नोंद होते ती हळू चालणाऱ्या जंतूंची. डोंगरातल्या पाड्यावरून रस्ता गाठायलाच काही तास लागत असतील, तर रुग्णालयाच्या वहीतले जंतू आणि पाड्यावरचे जंतू एकच असतील असे धरून चालता येत नाही.

याच कारणाने नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले काम महत्त्वाचे आहे. तेथे जन्मतःच तपासून शोधलेल्या बाळांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. रुग्णालयात आलेल्या आजारी मुलांपुरते न पाहता जन्मलेल्या सर्व रुग्णबाळांकडे पाहिले, तेव्हा मध्य भारतातील सिकलसेल सरसकट सौम्य नसल्याचे दिसले. काही मुलांना लहान वयातच गंभीर त्रास होतो. सरासरीने सौम्य असलेला रोग एखाद्या मुलाला सौम्यच असेल, याची हमी सरासरी देत नाही.

आजचा उपचार

सिकलसेलच्या मुलाला चढलेला ताप हा तातडीचा प्रसंग समजावा, हा आजचा पहिला नियम आहे. आधी संवर्धनासाठी रक्त घ्यायचे आणि अहवालाची वाट न पाहता लगेच प्रतिजैविक सुरू करायचे. त्यासाठी बहुधा सेफ्ट्रायॅक्सोनचे इंजेक्शन देतात. ते न्यूमोकॉकसवर चालते आणि बऱ्याचशा साल्मोनेलांवरही. अहवाल आला की औषध नेमके करता येते.

हा अहवाल आता पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला आहे. विषमज्वरावर १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध होते. १९७२ मध्ये केरळात त्याला दाद न देणाऱ्या जंतूंची साथ आली. १९९० च्या सुमारास एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे विषमज्वराचे जंतू देशभर पसरले. पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधेही बोथट होत गेली. हाडात दडलेल्या साल्मोनेलावर सहा आठवडे चुकीचे औषध देणे म्हणजे सहा आठवडे काहीच न देण्यासारखे आहे.

प्रतिबंधाची साधनेही वाढली आहेत. हिमोफिलस इन्फ्लुएंझा ब विरुद्धची लस पंचगुणी लसीच्या रूपाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली. न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. २०२० मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरवले आहे.

पण औषध, लस आणि इमारत यांच्या आधी एक गोष्ट यावी लागते : या मुलाला सिकलसेल आहे हे कोणाला तरी माहीत असणे. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे 'कोणी तरी' बहुधा शिक्षक असतात. पालक उसतोडीला गुजरातेत गेलेले असतात, तेव्हा रात्री ताप मोजणारे हात शाळेचेच. म्हणून चार गोष्टी शाळेने जपाव्यात. कोण रुग्ण आणि कोण वाहक, याची नोंद तपासणीनंतर जपून ठेवावी. पण ती चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हे. वाहकाला रोगी म्हणू नये, त्याला खेळातून वगळू नये. रुग्ण मुलाला ताप, दम लागणे, हाड सुजणे किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. आणि तेथे गेल्यावर पहिले वाक्य 'याला सिकलसेल आहे' हे असावे. त्या एका वाक्याने डॉक्टरांच्या डोक्यातली संभाव्य जंतूंची यादीच बदलते.

पाणी उकळणे, हात धुणे, लसीची तारीख न चुकवणे या गोष्टी शाळेत आपण सगळ्यांनाच शिकवतो. सिकलसेलच्या मुलासाठी त्यांचे वजन अनेकपट असते. आतड्यातून हाडात जाणारी साल्मोनेलाची वाट पाण्याच्या हंड्यापासूनच सुरू होते.

विरळ या शब्दाचा अर्थ छेदावर अवलंबून असतो, हे गणिताच्या तासाला आपण सांगतोच. दहा हजार मुलांत विरळ असणारा जंतू शंभर विशिष्ट मुलांत नेहमीचा असू शकतो. ती शंभर मुले कोणती, हे वैद्यकाला हाडातल्या एका अनोळखी जंतूने दाखवायला सुरुवात केली. त्या मुलांची नावे कोणत्या वर्गाच्या हजेरीपटावर आहेत, हे मात्र तेथल्या शाळेलाच शोधावे लागेल.